मैनेची खोड

एका गावात एक हट्टी मुलगी राहत होती. तिचं नाव मैना. झाडाझुडपांचं शिकायला शहरातल्या शेती महाविद्यालयात जायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. जागा थोड्या, मागणारे फार. शिवाय त्या महाविद्यालयाची एक रीत होती. शिफारस कागदावर चालत नसे. शाळेच्या कारभाऱ्यांपैकी एकाने स्वतः यायचं आणि मुलाच्या देखत त्याच्याविषयी बोलायचं.

शाळेचे अध्यक्ष आबासाहेब शिफारशीला कायम तयार असत. भारदस्त माणूस, फेटाही भारदस्त. कुणीही पाया पडला की ते निघालेच.

पण मैना गेली पर्यवेक्षक खोपडे सरांकडे. हे ऐकून तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला.

"अगं, आबासाहेबांचं वजन केवढं! आन् ह्यो मास्तर तर तुझ्यावर सदा डाफरत असतो."

"आण्णा, आबासाहेबांना माझं नावसुद्धा ठाऊक नाही," मैना म्हणाली. "सर डाफरतात, म्हणजे बघतात तरी."

खोपडे सरांनी चष्मा काढला. "मी येईन. पण विचारलं तर खरं तेच सांगेन. त्या वाळलेल्या कलमांचंही सांगेन. चालेल?"

जागा हातची जाईल, हे मैनेला कळत होतं. तरी ती म्हणाली, "चालेल, सर."

ठरल्या दिवशी मैना, तिचे वडील आणि सर शहरात पोहोचले. आबासाहेब आधीच हजर होते. त्यांनी गावातली तीन मुलं आणली होती. प्राचार्याबाई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत होत्या, "या मुलाची एक खोड सांगा."

"खोड? छे हो. पोरगा लाखात एक आहे," आबासाहेब पहिल्याबद्दल म्हणाले. दुसऱ्याबद्दल तेच म्हणाले आणि तिसऱ्याबद्दलही. गावाची वस्ती जेमतेम दोन हजार, त्यात लाखात एक असे तिघे निघाले. बाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

मैना उभी राहिली. प्रश्न तोच होता.

"ही माझ्याशी खोटं बोलली आहे," खोपडे सर म्हणाले.

वडिलांनी मान खाली घातली. मैनेचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

"शाळेत आम्ही आंब्याची कलमं केली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पाणी घालायचं काम हिच्याकडे होतं. ही मामाकडे निघून गेली आणि कलमं वाळली. मला म्हणाली, वाळवी लागली."

"मग तुम्ही पकडलंत?"

"नाही. माझा विश्वास बसला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ही आपणहून पुढे आली आणि साऱ्या शाळेसमोर खरं काय ते बोलली. पुढच्या पावसाळ्यात कोयी गोळा करून रुजवल्या आणि हिने नवी कलमं बांधली. दिवाळीत मामाकडे गेली नाही. उन्हाळाभर ओढ्यावरून पाणी आणलं. तरी निम्मीच जगली. उरलेली का मेली, ते ही मला अजून विचारते. मला सांगता येत नाही, म्हणून मी डाफरतो."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग मैनेकडे वळल्या. "का मेली असतील?"

आता काहीतरी ठोकून देणं सोपं होतं. वाळवी तर तोंडपाठ होती.

"माहीत नाही, बाई," मैना म्हणाली. "पाणी सगळ्यांना सारखंच घातलं होतं. तेच शोधायला इथं यायचंय."

मैनेला जागा मिळाली. बाहेर आबासाहेब सगळ्यांना सांगत होते, आमच्याच शाळेची पोर, लाखात एक. नाव मात्र त्यांनी खोपडे सरांना हळूच विचारून घेतलं.

तात्पर्य: आपल्यासाठी शब्द टाकायला मोठा माणूस शोधू नये, आपल्याला पुरता ओळखणारा शोधावा, आणि तो खरं बोलला तरी तिथून पळावं लागू नये, असं आधीच वागून ठेवावं.