सरकारांचा एक ‘निघालो’ आणि लिटरभर पेट्रोल

“चार? लिटरला फक्त चार?” बोरगिरीचे यशोधनराव सरकार गरजले. “विकणारा छातीवर हात ठेवून सांगत होता, दहा किलोमीटर देईल! मग उरलेले सहा गेले कुणाच्या पोटात?”

बोरगिरी संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण ते सरकारांना समजेल अशा शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यात त्यांनी विलायतेहून मोटार आणवली. लांबी अशी, की पुढचे दिवे वेशीबाहेर पडले तरी मागचे वेशीतच! आत मखमली गाद्या, थंड हवेचं यंत्र. पेट्रोलही ती खानदानी माणसासारखी प्यायची, म्हणजे मोजल्याशिवाय.

मोटार चालवणारा सखाहरी मान खाली घालून उभा होता.

“तूच विकतोस पेट्रोल! उद्या सकाळी एक लिटर मोजून घालायचं आणि तेवढ्यात मला भैरोबाच्या देवळापर्यंत न्यायचं. बरोबर दहा किलोमीटर! थंड हवा चालू, आणि माझ्या रिवाजात काडीचा बदल नाही. नाही पोचलो, तर चावी ठेवायची आणि चोर म्हणून गाव सोडायचं!”

सखाहरी घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला. बावीस वर्षांच्या चाकरीत त्यानं कुणाच्या तांदळाच्या दाण्याला हात लावला नव्हता. आता चोर!

त्याची बायको मैना वाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला होती. तिनं विचारलं, “सरकारांचा रिवाज तरी काय हाय?”

“सरकार ‘निघालो’ म्हणाले, की मोटार सुरू करायची. ते बसायच्या आत गादी गार झाली पायजे.”

“आन् सरकार ‘निघालो’ म्हणाले, की आम्ही मुदपाकखान्यात काय करतो, ठावं हाय?”

“काय?”

“चहाला आधण ठेवतो!”

सखाहरीला काही उमगलं नाही. मैनाला मात्र सगळं उमगलं, आणि सरकारांचा असा काही राग आला की तिनं नवऱ्याची भाकरी स्वतःच खाऊन टाकली.

सकाळी मैनाच्या सांगण्यावरून मिस्त्रीनं मोटारीची टाकी बंद केली. लिटरभर पेट्रोल भरलेली काचेची बाटली समोर, सगळ्यांना दिसेल अशी बांधली आणि तिची नळी इंजिनाला जोडली. गॅरेजात अ‍ॅव्हरेज असंच तपासतात.

माडीवरून हाळी आली, “निघालो!”

सखाहरीनं चावी फिरवली. मोटार गुरगुरू लागली, थंड हवा सुटली. सरकार पायरीपर्यंत आले आणि त्यांना पानाची आठवण झाली. मग चहा आला. मग जोडा चावला, म्हणून दुसरा आला. ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून सरकार थोरल्या बहिणीला, आक्कासाहेबांना “येतो” म्हणाले आणि खरंच परत आत आले! पुन्हा चहा. बाटलीतलं पेट्रोल खाली खाली चाललं होतं, आणि सखाहरीच्या तोंडचं पाणीही.

शेवटी सरकार मखमलीवर टेकले. मोटार फुर्रर्र करून बंद पडली.

“बघा, बघा!” सरकार ओरडले. “मोटार जागची हलली नाही आणि लिटर गडप! हरलास! टाक चावी!”

“थांबा सरकार,” मैना पुढं झाली. “पैज अशी व्हती, की सरकार निघाल्यावर एका लिटरात देऊळ गाठायचं. सरकार निघाले व्हते का?”

“निघालो होतो की! सगळ्या वाड्यानं ऐकलं!”

“मग निघालेले सरकार वीस मिनिटं पायरीवर कसे?”

“अं... म्हणजे अजून निघालो नव्हतो.”

“मग ‘निघालो’ म्हणाले, ते खोटं? राजाचा शब्द खोटा?”

आक्कासाहेबांनी पदर तोंडाला लावला.

“शब्द खोटा नाही!” सरकार रेटून म्हणाले. “पण पेट्रोल प्यालं कोण?”

“सरकारांच्या शब्दानंच की! गरिबाचा शब्द फुकट जातो. राजाचा शब्द वजनदार, लिटरभर भरतो!”

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून हसला. सरकार लालबुंद झाले, पण हट्टाला पेटलेला माणूस मागं कसा सरेल? “दुसरं लिटर ओता! मी बसलेलोच आहे. आणि तूही बस गं मागं. हरलात तर दोघांना एकदमच हाकलता येईल!”

बाटली भरली. सखाहरीनं देवाचं नाव घेतलं आणि मोटार सुटली. ओढा गेला, माळ गेला, टेकाड चढलं. चार किलोमीटर झाले, सहा झाले, आठ झाले. सरकार बाटलीकडं बघत होते, सखाहरी रस्त्याकडं बघत होता आणि मैना थंड हवा खात होती. नऊ झाले, देवळाचा कळस दिसला, आणि मोटार आचके देत थांबली.

“नऊ!” सरकारांनी मांडीवर थाप मारली. “एक कमी! दहावा किलोमीटर कुठाय? सांग, कुणी चोरला?”

“चोरला न्हाई सरकार,” मैना गादीवरून न उठता म्हणाली. “नऊ किलोमीटर मोटार चालते. दहावा विकणाऱ्याची जीभ चालते!”

सरकार असे हसले, की फेटा घसरून नाकावर आला. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून मैनाच्या ओटीत टाकलं, देवळातल्या ढोलकऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याला पुढं घातलं. “सखाहरी मोटारवाला चोख माणूस हाय हो!” अशी दवंडी पिटत ढोलकरी गावाकडं चालला, आणि त्याच्यामागून बोरगिरीचे सरकार उन्हातान्हात पायी!