मेथी कुणाची, पाऊस कुणाचा?

"माझ्या मातीत उगवलं, माझ्या पाण्यावर वाढलं, ते सगळं माझं!" असं म्हणत निवडुंगगडच्या राजा चंडकेतूने ठकू माळणीचे मेथीचे वाफे उपटून मुदपाकखान्यात धाडले. एक काडी म्हणून ठेवली नाही!

ठकू तरातरा दरबारात आली. "महाराज, बी माझं, खुरपं माझं, मोडलेली कंबर माझी, आणि मेथी तेवढी तुमची?"

"एवढा तोरा?" राजा भडकला. "मग माझी माती नको, माझ्या नदी-विहिरीचं पाणी नको, अशी मेथी पिकवून दाखव. ती तुझी! नाही जमलं तर महिन्याने वाफे जप्त आणि तू गडाबाहेर!"

प्रधान रंगोपंत खो खो हसले. पंतांचं कामच ते. राजा शिंकला तरी ते वाहवा करायचे.

ठकू घरी जाऊन पोटभर रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. श्रावणाचे दिवस होते. तिने अंगणात बाज उलटी टाकली, चारी पायांना जुनं लुगडं ताणून बांधलं आणि मधे खोलगट व्हावं म्हणून मधोमध एक जड पितळी गुंडी ठेवली. खाली माहेरची लाकडी काथवट. पाऊस लुगड्यातून ठिबकत काथवटीत साठला. त्यावर बांबूची पाटी टेकवली, पाटीत नारळाचा काथ्या पसरला, काथ्यात मेथीदाणे पेरले.

महिन्याने राजा आला, मागोमाग सारा गाव. पाटी हिरवीगार! पंतांनी ती उचलून पाहिली. खाली नुसत्या पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या.

"माती कुठंय?"

"नाहीच. काथ्या आहे, तोही माझ्या कोकणातल्या माहेरचा."

"मग ही एवढी माजली कशावर?"

"शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यावर, पंत. का त्यांच्यावरही महाराजांचा हक्क आहे?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. पंत लालबुंद झाले. "काथवटीतलं पाणी पावसाचं ना? महाराजांच्या राज्यावर पडलेला पाऊस महाराजांचाच!"

"शाब्बास!" राजा गरजला. "मेथी माझी!"

ठकूने हात जोडले. "घेऊन जा, महाराज. फक्त एक आठवण करून देते. गेल्या वर्षी पावसाने चाळीस घरं वाहून नेली. आम्ही मदत मागायला आलो, तर तुम्ही दवंडी पिटवलीत, 'पाऊस देवाचा, राजाचा काही संबंध नाही!' आज तो तुमचा ठरला. मग आमची घरं कधी बांधून देताय?"

"माझं घर तीन खणी होतं हो, महाराज!" गर्दीतून एक म्हातारा ओरडला.

राजाने पंतांकडे पाहिलं. पंतांनी आभाळाकडे पाहिलं. आणि राजा असा हसला, असा हसला, की पागोटं घसरून नाकावर आलं!

"हरलो, बाई! पाऊस देवाचा, मेथी तुझी, आणि आजपासून वाफेही तुला इनाम! पण पाऊस माझा ठरवला या पंतांनी. तेव्हा ती चाळीस घरं आता हेच बांधतील, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या हाताने!"

ठकूने मेथीची एक जुडी बांधली आणि पंतांच्या हातात ठेवली.

"घ्या, पंत. भिंतींचा चिखल-गारा कालवून दमलात की भाकरीबरोबर खा!"