हवेत टांगलेला सेन्सर

“आकडा तर अठरावरून हलत नाही, ब्रदर. मग बिअर का बिघडते?”

बस्त्यावने फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आत निळं पिंप होतं आणि पिंपात कालच लावलेली बिअर बुडबुडत होती. वरच्या जाळीवरून एक काळी वायर लोंबत होती, तिच्या टोकाला तापमानाचा सेन्सर. बाहेरच्या डबीवर लाल आकडा होता, अठरा.

ब्रदर आंद्रू वाकून आत पाहू लागले.

तरुणपणी ते बेल्जियमच्या एका मठात होते. तिथले साधू प्रार्थनेइतक्याच निष्ठेनं बिअर करायचे, आणि ती विद्या घेऊनच ते वसईच्या किनाऱ्यावरच्या आश्रमात परतले. घरी बिअर करायचं वेड ज्याच्या डोक्यात शिरे, तो शेवटी त्यांच्याच दारात जाई. बस्त्याव मात्र तीन घाणे फुकट घालवल्यावर गेला होता आणि आज त्यांना घरी घेऊन आला होता. कुणाला काही विचारायची त्याला सवयच नव्हती.

उभा जन्म त्यानं बंदरात मासळीची कोल्ड स्टोरेजं उभारली होती. गारव्यातलं आपल्याला कोण शिकवणार, अशी त्याची घमेंड. माझ्या स्टोरेजातलं पापलेट इतकं ताजं की बाजारातून पोहत परत यायला बघतं, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

पण या पिंपापुढे त्याची मात्रा चालेना. दर वेळी बिअरला नेलपॉलिशसारखा उग्र वास यायचा.

पिंप त्याचं नव्हतंच. त्याच्या मुलाचं, मेल्विनचं होतं. पोरानं हौसेनं पहिली बिअर केली, तेव्हा बस्त्यावने घोटही न घेता ती नारळाच्या आळ्यात ओतली होती, तीही चार पाहुण्यांदेखत. पोरगा भांडला नाही. डब्लिनला निघून गेला आणि तिथं बिअरच्याच कारखान्यात लागला. दोन वर्षं झाली, बापलेकांत शब्द नाही.

दर रविवारी त्याचा फोन यायचा, तो आईला. लुसी बोलत असे तेवढा वेळ बस्त्याव स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, न हरवलेलं काहीतरी शोधत बसे. पोराचा आवाज कानावर यायचा, शब्द यायचे नाहीत. त्या आवाजासाठी त्याचा जीव तुटायचा. फोन मागायला मात्र जीभ रेटायची नाही.

आता लुसीनं सांगितलं होतं, नाताळला येईन म्हणतोय. बहुतेक.

बस्त्यावला एवढंच हवं होतं. पोरगा घरात आला की त्याच्याच पिंपातली बिअर त्याच्या हातात द्यायची. तोंडानं माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. आणि नाताळच्या आत हा एकच घाणा निघण्यासारखा होता.

ब्रदरनी लोंबणाऱ्या वायरला बोट लावलं. ती झुलली.

“स्टोरेजात हे कुठं लावायचास?”

“असंच. हवेत, खोलीच्या मधोमध.”

“आत काय असायचं?”

“मासळी.”

“जिवंत?”

बस्त्याव हसला. “मेलेली, ब्रदर.”

ब्रदरनी बुडबुडणाऱ्या पिंपाकडे बोट दाखवलं. हसू थोडा वेळ त्याच्या तोंडावर राहिलं, मग ओसरलं.

ब्रदरनी जुना टॉवेल आणि चिकटपट्टी मागितली. वायर जाळीवरून सोडवली, सेन्सर पिंपाच्या अंगाला, बिअरच्या पातळीखाली लावला, त्यावर टॉवेलची घडी ठेवली आणि पट्टीनं आवळली. जिवंत असतं ते आपली ऊब आपणच करतं, बिअरमधलं यीस्टही, असं काहीतरी ते पुटपुटले.

“हवेत नाही. टेकवायचा.”

दार लागलं. दोघं स्टुलांवर बसून आकड्याकडे पाहत राहिले.

अठरा… एकोणीस… फ्रिज घुरघुरायला लागला.

“मेल्विन कसा आहे?” ब्रदरनी विचारलं.

बस्त्यावने लगेच खिशातून मोबाइल काढला. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना तो त्यात डब्लिनचं हवामान तेवढं पाहायचा. “आज चार डिग्री आहे तिथं. पाऊस म्हणतात. वाराही बराच आहे.”

“मी मेल्विनचं विचारलं.”

बस्त्यावने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. तिथं एका ढगाचं चित्र होतं.

एकवीस… बावीस… आकडा चोवीसला जाऊन थांबला.

तिन्ही घाणे त्यानं त्या अठराच्या भरवशावर घालवले होते.

“आत एवढं तापलं होतं,” बस्त्याव म्हणाला, “आणि मला पत्ता नाही.”

कुणाबद्दल बोलतोस, हे ब्रदरनी विचारलं नाही. ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि दाराकडे निघाले.

बस्त्याव मोबाइल हातात धरून बसून राहिला. मग अंगठ्यानं ते ढगाचं चित्र बाजूला सारलं आणि नाव शोधलं. नाव सापडलं, तरी थांबला. शेवटी दाबलं.

घंटी वाजत राहिली. आता उचलणार नाही, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटताच हायसंही वाटलं.

“पप्पा?”

रविवारी दारातून ऐकू यायचा तोच आवाज, पण आज शब्दासकट. बस्त्यावच्या ते नारळाचं आळं डोळ्यांपुढे आलं, त्यात जिरत गेलेला फेसही. बोलायचं सगळं ओठापर्यंत आलं होतं.

“हां… तिकडं थंडी फार आहे ना रे?”

उंबऱ्यापाशी ब्रदर आंद्रू एकाच पायात चप्पल घालून थांबले होते. मागं वळूनही न पाहता हळूच म्हणाले,

“पुन्हा हवेतच, बस्त्याव… टेकव.”