कापलेल्या कडा

"आता चित्र जरासुद्धा हलत नाही. मग आबांनी तोंड का फिरवलं?"

प्रमोद साळोखे हे घाटातल्या हुसेनबाबा फकिराला विचारत होता. बाबा झोपडीच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रमोदच्या आबांनी, धोंडिरामांनी, या घाटात उभा जन्म एसटी चालवली. आता ते अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. घाट एकदा पाहू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. प्रमोदनं गाडीच्या काचेला लांब दांड्यानं कॅमेरा लावून घाट टिपून नेला, पण चित्र इतकं थरथरलं की आबांना भोवळ आली. मग त्यानं कॉम्प्युटरवर सगळी थरथर काढून टाकली. या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरे.

"शेवटपर्यंत पाहिलं त्यांनी," प्रमोद म्हणाला. "मग म्हणाले, घाटात आता कुणीच राहिलं नाही वाटतं..."

"थरथर कशी काढलीस?"

हलणारं चित्र जागेवर आणताना कडा थोड्या कापाव्या लागतात, हे प्रमोदनं ऐटीत समजावलं.

"कडेला काय होतं?"

"काही नाही, बाबा. रस्ता तर मधोमध असतो."

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. "न कापलेलं दाखव."

प्रमोदनं मोबाइल पुढे धरला. चित्र हिंदकळत होतं. एका वळणावर बाबांनी बोट टेकवलं. कडेला, याच झोपडीसमोर, ते स्वतः हात वर करून उभे होते.

प्रमोदनं चित्र मागे नेलं. चहाच्या टपरीवाल्यानं हात केला होता. गवताचा भारा घेतलेल्या बाईनंही केला होता. धोंडिराम ड्रायव्हरला दाखवायला शूटिंग चाललंय, ही बातमी घाटभर झाली होती.

"मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा धोंडिरामनं मला उचलून गाडीत घातलं," बाबा म्हणाले. "असे आम्ही पुष्कळ आहोत."

प्रमोदला फार लाज वाटली. त्यानं विचारलं, "पण कापलं नाही तर थरथर कशी जाणार?"

बाबा आत गेले आणि आपली घोंगडी घेऊन आले. तिची घडी त्याच्या हातात देत म्हणाले, "ही कॅमेऱ्याखाली घाल. आणि सावकाश ये."

प्रमोदनं काचेवरचा लांब दांडा काढला, घोंगडीच्या घडीवर कॅमेरा घट्ट बांधला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढला. थोडी थरथर राहिली. ती त्यानं राहू दिली.

पुढच्या शुक्रवारी तो घोंगडी परत करायला आला आणि त्यानं बाबांच्या पायांवर डोकं टेकवलं. आबांनी सगळं पाहिलं होतं. नावं घेऊन एकेकाला ओळखलं, आणि चांगला राहिलेला डावा हात प्रत्येकासाठी उचलला. बाबा दिसले तेव्हा तो कितीतरी वेळ खाली घेतला नाही. घरात आबांचं हसणं पुन्हा ऐकू आलं होतं.

"तुमचे उपकार कसे फेडू, बाबा?"

बाबांनी घोंगडी खांद्यावर टाकली.

"लोक अजून हात करतात?"

"करतात. आज येतानाही करत होते."

"आणि तू?"

"माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात, बाबा."



"धोंडिरामचेही असायचे, बेटा."