पाठमोरी बोट

नांगर सुटला की आधी एक ठोका ऐकू येतो. मग साखळीचा खडखडाट, बराच वेळ. मग एकदम काहीच नाही.

तो आवाज ऐकून फार वर्षं झाली. पण त्यानंतरच्या शांततेत एका म्हाताऱ्या साधूने जे विचारलं, ते अजून माझ्या कानात आहे.

मी हर्णैचा. तरुणपणी ग्रीस देशात एका लहान प्रवासी बोटीवर खलाशी होतो. पिरियस बंदरातून निघायचं, एकेका बेटाला लागायचं, माणसं उतरवायची, माणसं घ्यायची. माझं काम मागच्या दोरांवर. शाळा फारशी झालेली नव्हती, पण बोटीवर राहून तिकडची भाषा कळू लागली होती.

"बाबा, आता माझ्यात संसाराचं काय उरलंय?"

त्या सकाळी स्त्रातीस हे विचारत होता. माझ्या दोरांशेजारीच एक लाकडी बाक होता, तिथे ते दोघे बसले होते. स्त्रातीस आणि त्याचे गुरू, सोफ्रोनियोस बाबा. शेवटच्या बेटावर डोंगरात त्यांचा मठ होता. काळी कफनी, पांढरी दाढी, आणि चेहरा असा की बोटीवरची रडकी मुलंसुद्धा त्यांच्याकडे बघून गप्प व्हायची.

पिरियसचं काम आटोपून दोघे मठाकडे परत निघाले होते. दुसऱ्या दिवशी स्त्रातीसची दीक्षा होती. बाबा स्वतः कात्रीने त्याचे केस कापणार होते. त्यानंतर तो मठ सोडून कुठे जाणार नव्हता.

बाबांच्या मांडीवर एक रिकामी टोपली होती. तिच्या काठावरून ते हात फिरवत होते.

ती टोपली मला चांगली ठाऊक होती.

मठाच्या अलीकडे लिथारी नावाचं बेट लागतं. ते स्त्रातीसचं गाव. तिथे त्याचा बाप राहायचा, बार्बा आवगेरिस. बार्बा म्हणजे आपल्याकडचे काका. त्या बेटांवर अशी रीत होती की बोट लागली की कुणीही यायचं, आमच्या हातात पाव, औषध, कधी जिवंत कोंबडी द्यायचं आणि पुढच्या बेटावरच्या माणसाचं नाव सांगायचं. बार्बा आवगेरिस दर खेपेला अंजिरांची टोपली द्यायचा. नाव एकच, स्त्रातीस.

स्त्रातीस पुढच्या बेटावर टोपली घ्यायचा आणि धक्क्यावरच सगळ्यांना वाटून टाकायचा. स्वतः एकही खायचा नाही. रिकामी टोपली आमच्याच बोटीने परत. मागच्या खेपेची मात्र बाबांनी स्वतःकडे ठेवून घेतली होती.

आमचा मुकादम मानोलिस म्हणायचा, "संन्यास त्याने घेतला आणि पोट माझं सुटलं."

बार्बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी टोपली परत दिली की तो मला नेहमी एकच विचारायचा. मी काय सांगायचो ते जाऊ दे.

तर त्या सकाळी लिथारी समोर दिसायला लागलं. पांढरी घरं, वर एक पवनचक्की. सगळे उतारू उठून बोटीच्या पुढच्या टोकाला गेले. मागे आम्हीच राहिलो.

स्त्रातीस बेटाकडे पाठ करून बसला होता. बोटीमागे पाण्यात जो फेसाचा पट्टा राहतो, तिकडे त्याचे डोळे होते.

तो म्हणाला, "बघा बाबा. माझं गाव आलं, माझी मान वळली नाही."

"हं..."

"तिथे माझा बाप उभा असेल. मला त्याचंही काही वाटत नाही. म्हणून विचारतोय, माझ्यात काय उरलंय?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून बघावं, तसं.

मग इंजिनाचा आवाज बदलला.

त्या बेटांवर बोट तोंडाने धक्क्याला लागत नाही. बंदरात शिरली की ती सावकाश वळते, गावाकडे पाठ करते, समोरच्या पाण्यात नांगर टाकते आणि मागे मागे सरकत येते. मागची फळी खाली पडते, तीच धक्क्याला टेकते. सगळी चढउतार मागून.

बोट वळू लागली. फेसाचा पट्टा वाकडा झाला. स्त्रातीसच्या डोळ्यांसमोरून आधी खडक गेला, मग दीपस्तंभ, मग पहिली घरं.

तो बसल्या जागीच बसला होता. गावच फिरून त्याच्या समोर आलं.

पुढे नांगर सुटला. एक ठोका, खडखडाट, आणि मग काहीच नाही.

त्या शांततेत बाबांनी विचारलं, "तुझा जन्म इथलाच ना रे?"

"हो बाबा."

"लहानपणापासून बोटी बघितल्यास."

"हो..."

"बोट कुठल्या बाजूने लागते, ते ठाऊक नव्हतं तुला?"

मी दोर फेकला. धक्का आता इतका जवळ होता की उभ्या माणसांचे चेहरे दिसत होते. बार्बा आवगेरिस नेहमीच्या जागी होता, हातात भरलेली टोपली. डोळे बारीक करून तो बोटीकडे बघत होता. त्याच्या मुलापासून तो चार हातांवर होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

स्त्रातीस झटकन उठला. "चुकलं माझं. मी पुढे जाऊन बसतो."

बाबा म्हणाले, "पुढे आता नुसता समुद्र आहे."

फळी खाली गेली, दगडावर टेकली. उतारू उतरू लागले. बार्बाने माझी चाहूल ओळखली असावी. त्याने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"पोरा, खाल्ले का रे त्याने?"

मी स्त्रातीसकडे बघितलं. बोलायची माझी पाळी नव्हती.

स्त्रातीस तसाच उभा. फळीवरची गर्दी सरली. मानोलिस वरून ओरडला, चढा लवकर, दोर सोडा.

"बाबा..." स्त्रातीस इतक्या हळू म्हणाला की मला वाटलं, ऐकू येणार नाही. "उतरलो तर आज दुसरी बोट नाही. उद्याचा दिवस चुकेल."

बाबांनी मांडीवरची रिकामी टोपली उचलली. दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

मी पुष्कळ बंदरं पाहिली, पुष्कळ देवळं पाहिली. एवढ्या मायेने कुणी कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नाही, आणि टोपलीत तर काहीच नव्हतं.

"कात्रीला घाई नाही," बाबा म्हणाले.

स्त्रातीसने टोपली घेतली आणि तो फळीवरून खाली गेला.