फुलाबाईचा नवा हात

“पण आप्पा, एवढा चपळ हात आजवर कुणी केलाय का, तेवढं सांगा.”

प्रणितनं हे विचारलं तेव्हा त्याच्या विजारीवरनं उसाचा रस ओघळत होता.

पुण्याचा इंजिनेर पोरगा. टाळकं तेज, तोंड त्याहून तेज. मठामागच्या शेडात आप्पा यंत्राचे हात-पाय करायचे, ते शिकायला आलेला. फुलाबाईचा उजवा हात रसवंतीच्या चरकात गेला, तिच्यासाठी त्यानं हा नवा केला होता.

बाईचं मागणं एकच. गिऱ्हाइकाला भरला गिलास आपल्या हातानं द्यायचा. तिनं तो उचलला, हातानं हिसके दिले, गिलास प्रणितवर.

बाई हसली नाही. तिच्या वाटचं मी हसून घेतलं.

बाईच्या दंडावरच्या पट्ट्यातनं यंत्राच्या हाताला निरोप कसा येतो, ते आप्पांनी विचारलं. प्रणितनं ऐटीत सांगितलं. वायरीतनं आकडे येतात, अंगठा किती वळवायचा, बोटं किती, मनगट किती. मधे स्वल्पविराम, शेवटी पूर्णविराम. दुसऱ्यांची यंत्रं म्हणे शेवटाची वाट बघत बसतात. ह्याचं तसं नाही. अंक आला की हात हलला.

“एकशेवीस यायचे असले तर?”

“एक आला की एकवर. मग बारावर. मग एकशेवीस. थांबायचं कशाला?”

आप्पांनी सांडलेल्या रसावर फडकं टाकलं.

पंगतीची हाळी आली. आप्पा कधी वाढत नाहीत, त्या दिवशी वाढायला उठले. प्रणितच्या पानात मीठ वाढलं आणि तिथंच उभे राहिले.

“खा.”

“नुसतं मीठ?”

“आलंय ना? खा.”

आप्पा हलेनात. त्यानं मीठ जिभेवर घेतलं. मग लिंबाची फोड आली. तीही चोखली. मग ठेच्याचा गोळा… पोराच्या डोळ्याला धार लागली. भाताला अजून अवकाश होता, आणि आमच्या मठात श्लोक संपल्याशिवाय घास कुणी उचलत नाही. सगळी पंगत हात आवरून बसलेली, हा एकटा जेवतोय. बायकांच्या रांगेत पदर तोंडात गेले.

प्रणित तांब्याभर पाणी प्याला आणि तसाच उठून शेडात गेला.

आमची भांडी घासून होईस्तोवर तो फुलाबाईला हाका मारत आला. आता हात आधी सगळं साठवून घेतो. पूर्णविराम आला, की मग स्वल्पविरामाशी तुकडे पाडून एकेक आकडा धरतो.

बाईनं गिलास उचलला. थेंब सांडला नाही. मी गिऱ्हाईक असल्यागत तिनं तो माझ्यापुढं धरला.

प्रणितची छाती परत फुगली.

“आता काढा खोट, आप्पा.”

आप्पांनी हात लांब केला, आणि निरोप येत असतानाच वायर उपटली.

भरला गिलास बाईच्या नव्या हातात. निरोप अर्धा. पूर्णविराम आता कुठनं यायचा? बाई प्रणितकडं बघायला लागली.

प्रणितनं उपटलेली वायर बघितली, मग गिलास.

“आप्पा,” तो हळू म्हणाला, “शेवट आलाच नाही तर? अर्धं आलंय, तेवढं तरी धरू का?”

आप्पांनी वायरीचं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं.

“अर्धं सोड. मागचा निरोप पुरता आलेला असेल ना, तो धरून बस.”