गळक्या घराचा मानकरी

भांडीकुंडी माणसांच्या माघारी बोलत असत, त्या काळची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या कौलारू घरात जर्मनचा एक टोप होता. पोचे पडल्यामुळे तो चुलीवरून उतरला आणि माळ्यावर धूळ खात पडला.

एका पावसाळ्यात माजघर गळू लागलं, तेव्हा काकूंनी त्याला धारेखाली ठेवलं. त्या दिवसापासून घरातला जो तो त्याला वळसा घालून जायचा. "टोपाला धक्का लावू नका रे!" काकू ओरडायच्या. टोप फुगला. "मी आहे म्हणून हे घर उभं आहे," असं तो ताटवाट्यांना ऐकवू लागला.

पुढच्या वैशाखात काकांनी कौलं नीट परतून घेतली आणि टोपाची पुन्हा माळ्यावर रवानगी झाली. तिथे उंदरांमागे आलेल्या बोक्याला त्याने गाठलं. "बोकोबा, छपरावरून जाताना ते मधलं कौल जरा सरकवाल? घराच्या भल्यासाठीच सांगतोय हो."

बोक्याने एक सोडून चार सरकवली. आषाढात पाणी धो धो आत आलं. काकूंनी घाईघाईने मांडलेला टोप बघता बघता भरून वाहिला आणि तांदळाचं पोतं भिजलं. "काडीच्या उपयोगाचा नाही मेला!" म्हणत काकूंनी त्याला अंगणात भिरकावलं आणि त्याच्या जागी तांब्याचं घंगाळ ठेवलं.

चिखलात पालथ्या पडलेल्या टोपाला आतलं सगळं ऐकू येत होतं. घंगाळ ताटवाट्यांना सांगत होतं, "मी आहे म्हणून हे घर उभं आहे." मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बोकोबा, काका शिडी शोधताहेत. जरा इकडे येता का?"